बागेची अभिरुची आणि जुन्नरची माती

साहित्याचा विचार करणारी मंडळी बागेकडे सहसा वळत नाहीत. बाग ही निवृत्तांची हौस किंवा माळ्याचे काम, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे. वास्तविक काय लावावे, काय वाढू द्यावे आणि काय उपटून टाकावे, ह्या निवडीतूनच बाग आकाराला येते. जेथे निवड आली तेथे अभिरुची आली आणि जेथे अभिरुची आली तेथे ती कोणी व कशी घडवली, हा प्रश्नही ओघानेच आला. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतून हिंडताना हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव ह्या गावांतील शाळांची, दवाखान्यांची, बंगल्यांची आवारे पाहावीत. दाराशी गुलमोहोर, कुंपणालगत अशोक म्हणून लावलेल्या आसुपालवाची सरळ रांग, पायऱ्यांवर क्रोटनच्या कुंड्या आणि मधोमध नळाच्या पाण्यावर जगणारा हिरवळीचा चौकोन. महाराष्ट्रातील आपल्या चर्चची आवारेही ह्याहून फारशी वेगळी नाहीत. समोरच्या डोंगरावर जे उगवते, त्यातले जवळजवळ काहीच आवारात नसते.

ही अभिरुची आकाशातून पडलेली नाही. ती काही अंशी सरकारी बागांनी व रोपवाटिकांनी घडवली आणि काही अंशी पुस्तकांनी व चित्रांनी. त्यांपैकी तीन कृतींचा येथे विचार करावयाचा आहे. पहिली, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर काढली गेलेली 'दापोडीची चित्रे'. दुसरी, फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि वॉल्टर मिलार्ड यांचे 'सम ब्यूटिफुल इंडियन ट्रीज' हे १९३७ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक. आणि तिसरी, फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचे ग्रंथकार्य. ह्या तिन्हींचा आपल्या समाजाशी निकटचा संबंध आहे. मात्र आपली माणसे म्हणून त्यांची स्तुती करण्याचा येथे हेतू नाही. जुन्नर-आंबेगावच्या मातीत बाग करू पाहणाऱ्या कुटुंबाला त्या कितपत उपयोगी पडतात, ह्या एकाच कसोटीवर त्या तपासावयाच्या आहेत.

कसोटी लावण्यापूर्वी ती माती थोडी ओळखून घेतली पाहिजे. ह्या दोन तालुक्यांचा पश्चिमेकडील माथा म्हणजे नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर हा पट्टा. भीमाशंकराच्या माथ्यावर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेकडे निघाले की पाऊस झपाट्याने ओसरत जातो आणि आणे पठारावर पोहोचेपर्यंत तो पाच-सहाशे मिलिमीटरवर येतो. अवघ्या काही कोसांत सदाहरित अरण्यापासून बोर, हिवर आणि खैर यांच्या काटेरी माळापर्यंतचा प्रवास होतो. कुकडी, मीना आणि घोड ह्या नद्यांवर धरणे झाली, कालवे आले, द्राक्षांचे मळे आणि टोमॅटोची शेते उभी राहिली. तरीही कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या वस्त्यांचा उन्हाळा टँकरची वाट पाहण्यात जातो. हवा मात्र सौम्य आहे. थंडी बोचरी असली तरी मारक नसते, आणि उन्हाळ्यातील रात्री विदर्भासारख्या भाजत नाहीत. म्हणजे येथील वनस्पतीपुढचा खरा प्रश्न थंडीचा नाही व उष्णतेचाही नाही. पावसाचे चार महिने आणि कोरडे आठ महिने यांचा हिशेब कसा जुळवावा, हा तो प्रश्न आहे.

येथील झाडांनी हा हिशेब निरनिराळ्या रीतींनी जुळवला आहे. पळस आणि पांगारा उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने टाकून देतात आणि उघड्या फांद्यांवर फुलतात. आपल्या प्रायश्चित्तकाळात सगळा माळ करडा झालेला असताना साळुंक्या व सूर्यपक्षी ह्याच झाडांशी गर्दी करतात. कळलावी आपल्या कंदात निजून राहते आणि पहिल्या सरींबरोबर वर येते. परंतु ह्या कलेचा सर्वांत नाजूक नमुना शिवनेरीच्या कड्यावर आहे. शिंदळ माकुडी नावाची एक वीतभर, मांसल खोडाची वनस्पती तेथील कातळाच्या भेगांतून लोंबते. पावसाळ्यात तिला पाने येतात, पावसाच्या उत्तरार्धात काळपट लाल रंगाची, पिवळ्या खुणांची चांदणीसारखी फुले येतात आणि कोरडे दिवस सुरू झाले की पाने गळून केवळ पाणी धरून ठेवणारे खोड उरते. तिच्या जवळच्या नात्यातील बहुतेक वनस्पतींना अशी ठसठशीत पाने नसतात. वनस्पतिशास्त्रज्ञ निकोल डाल्झेल यांनी १८६०नंतरच्या काही वर्षांत जुन्नर परिसरातील डोंगरांवरून तिचे प्रथम वर्णन केले आणि तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. पुढे तिच्या वर्गीकरणाविषयी मतभेद होऊन शास्त्रीय नाव बदलले, तरी जुने नाव अद्याप प्रचारात आहे. पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्याच ठिकाणी ती आढळते आणि जगातील अतिदुर्मिळ वनस्पतींत तिची गणना होत आली आहे. विशेष म्हणजे छाटणीपासून ती सहज रुजते. युरोप-अमेरिकेतील हौशी बागकारांनी तिला काचघरांत कुंड्यांतून वाढवले आहे. जुन्नरच्या बाजारपेठेत मात्र तिची कुंडी एखाद्या दारात दिसणे कठीण.

ह्या विसंगतीची मुळे शोधू लागलो की आपण दापोडीला येतो. पुण्याजवळच्या दापोडी येथे १८२८च्या सुमारास सरकारी वनस्पतिउद्यान स्थापन झाले. १८३८पासून त्याचा कारभार डॉ. अलेक्झांडर गिब्सन ह्या स्कॉटिश शल्यवैद्याकडे आला. जुन्नर तालुक्यातील हिवरे येथील सौम्य हवा हेरून त्यांनी तेथेही औषधी वनस्पतींची बाग चालवली. सैन्यासाठी व इस्पितळांसाठी लागणारी औषधे विलायतेहून आणण्यापेक्षा येथेच पिकवावीत, हा त्यामागचा व्यवहार होता. गिब्सन १८४७मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. जंगलतोडीमुळे झरे आटतात, ही गोष्ट सरकारच्या कानावर घालणाऱ्या पहिल्या अधिकाऱ्यांपैकी ते एक. डाल्झेल यांच्यासह त्यांनी लिहिलेला 'द बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ १८६१ साली निघाला.

त्याच गिब्सन यांनी १८४७ ते १८५० ह्या काळात एका चित्रकाराकडून बागेतील वनस्पतींची सुमारे एकशे सत्तर चित्रे काढून घेतली. ही चित्रे आज एडिंबरो येथील राजकीय वनस्पतिउद्यानाच्या संग्रही आहेत, आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर साक्षेपी ग्रंथ प्रसिद्ध केल्यामुळे ती जगासमोर आली. चित्रकाराचे नाव कोठेही नोंदलेले नाही. तो 'पोर्तुगीज' होता, एवढाच उल्लेख मागे उरला आहे. त्या काळी मुंबई इलाख्यात गोव्याच्या आणि मुंबई-वसईकडच्या कॅथलिकांनाही सर्रास पोर्तुगीज म्हटले जाई. तेव्हा तो आपल्यापैकीच कोणी असण्याचा संभव बराच आहे. साहेबाचे नाव वनस्पतींना मिळाले, उद्यानाचे नाव चित्रांना मिळाले आणि ज्याच्या हाताने पान न् पान उतरवले तो निनावी राहिला, ही खंत आपल्या वाचकांना वाटल्यावाचून राहणार नाही.

तरीसुद्धा कृती म्हणून ह्या चित्रांकडे पाहिले असता एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. ती चित्रकाराच्या कौशल्याची नाही, ती ह्या चित्रपद्धतीची आहे. वनस्पतिचित्राच्या परंपरेत झाड कोऱ्या कागदावर येते. त्याच्याखाली माती नसते, शेजारी दुसरे झाड नसते, फुलावर मधमाशी नसते आणि बाहेर कोणता महिना चालला आहे, हेही कळत नाही. ओळख पटवण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. परंतु दापोडीच्या बागेत दूरदूरच्या खंडांतून आणलेली झाडे होती आणि देशीही होती. कोऱ्या कागदावर ती सारी एकाच योग्यतेने शेजारी-शेजारी येऊन बसली. कोणते झाड माळ्याच्या पखालीवर जगले आणि कोणते स्वतःच्या बळावर, हा भेद कागदावरून पुसला गेला. आपल्या रोपवाटिकांनी हीच दृष्टी वारशाने घेतली आहे. तेथे झाड काळ्या पिशवीत येते, आणि पिशवीला गाव नसते.

ब्लॅटर आणि मिलार्ड यांच्या पुस्तकाला हे बोलणे अधिकच लागू पडते. फादर ब्लॅटर हे मूळचे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवले, तेथील वनस्पतिसंग्रहाचा पाया घातला आणि आज तो संग्रह त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मिलार्ड हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस. ब्लॅटर १९३४ साली निवर्तले आणि सोसायटीच्या नियतकालिकातील त्यांची व मिलार्ड यांची लेखमाला तीन वर्षांनी पुस्तकरूपाने आली. पुस्तक देखणे आहे. रंगीत चित्रे, नेमके वर्णन, झाडाच्या नावांच्या व उपयोगांच्या गमतीदार हकिकती आणि शास्त्राचा धाक न वाटू देणारी भाषा, ह्या गुणांमुळे ते पिढ्यान्पिढ्या हौशी बागकारांच्या कपाटात राहिले. सामान्य माणसाने झाडाकडे मान वर करून पाहावे, हे त्याचे उद्दिष्ट होते आणि ते सफल झाले.

दोष आहे तो शीर्षकातील दुसऱ्या विशेषणात. पुस्तकातील सारी वृक्षमंडळी भारतीय नव्हेत. बहावा आणि पळस ह्यांच्या पंगतीला मादागास्करचा गुलमोहोर आणि दक्षिण अमेरिकेचा नीलमोहोर बसलेले आहेत. लेखकांनी ह्या झाडांचे मूळ लपवलेले नाही. परंतु निवड करताना त्यांनी एकच प्रश्न विचारला की फुलल्यावर हे झाड किती शोभिवंत दिसते? त्या प्रश्नाला गुलमोहोराइतके झटपट उत्तर दुसरे कोणतेच झाड देत नाही. मे महिन्यातील त्याची लाली कोणी नाकारू शकणार नाही. मात्र ठिसूळ फांद्या वादळात मोडणे, खाली फारसे काही उगवू न देणे, ह्या गोष्टी शोभेच्या वहीत जमा होत नाहीत. मेडशिंगी, आपटा, हिवर ह्यांसारखी झाडे, ज्यांचे सौंदर्य पाहण्यासाठी डोळ्याला थोडी सवय लागते, ती अशा निवडीत मागे राहतात. सुंदर म्हणजे दुरून दिसणारे, अशी व्याख्या करून पुस्तकाने आपल्या अभिरुचीला एक वळण लावले. आपली आवारे त्या वळणाने गेली.

फादर सांतापाव यांच्या लेखनाकडे आले की चित्र बदलते, तेही एका गंमतीच्या प्रकारे. १९०३ साली स्पेनमध्ये जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १९२८मध्ये भारतात आले, सेंट झेवियर्समध्ये शिकवू लागले, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले, त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे लोकप्रिय पुस्तक म्हणजे नॅशनल बुक ट्रस्टने १९६६ साली काढलेले 'कॉमन ट्रीज'. ते सुबोध आहे, उपयुक्त आहे. परंतु रस्त्याकडेला जे दिसते ते ओळखायला शिकवणे हा त्याचा हेतू असल्याने देशी-विदेशीची सरमिसळ तेथेही आहे. बागकाराने वाचावे असे त्यांचे खरे पुस्तक वेगळेच आहे, आणि ते बागकारांसाठी लिहिलेले नाही. ते म्हणजे १९५३ साली प्रसिद्ध झालेले 'द फ्लोरा ऑफ खंडाला'.

खंडाळा ह्याच पुणे जिल्ह्यात, आंबेगावच्या दक्षिणेला त्याच सह्याद्रीच्या धारेवर आहे. वर्षानुवर्षे त्याच डोंगरांवर पायी फिरून सांतापाव यांनी तेथील वनस्पतींची नोंद केली. वनस्पती कोठे उगवते, उघड्या कातळावर की दाट सावलीत, ओढ्याकाठी की गवतात, कोणत्या महिन्यात फुलते, कोणत्या महिन्यात फळते, अशा कोरड्या ओळींनी ग्रंथ भरलेला आहे. ह्या ओळींत अलंकार नाही, पण दापोडीच्या चित्रांतून जे निसटले आणि ब्लॅटर-मिलार्डच्या निवडीत जे मोजले गेले नाही, ते सगळे येथे आहे: जागा, ऋतू आणि शेजार. कातळाच्या भेगेत वाढणाऱ्या झाडाला काळ्या मातीचा खड्डा व रोजचे पाणी दिले की ते कुजते, हे बागकामाचे तत्त्व अशा एका ओळीतूनच उमगते. अनेक वर्षांनी एकदाच सामूहिकपणे फुलणारी कारवी ज्या कुळात येते त्या कुळावर आणि ज्या कुळात शिंदळ माकुडी येते त्या रुईच्या कुळावरही त्यांनी स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केले. दुसरा १९६२ साली इराणी यांच्यासह.

अर्थात, ह्या ग्रंथालाही मर्यादा आहेत. तो इंग्रजीत आणि परिभाषेत आहे, चर्चच्या वाचनालयातून आणून रविवारी दुपारी वाचावा असा नाही. खंडाळ्याचा पाऊस आहुपे-भीमाशंकराला जुळतो; नारायणगावाला जुळत नाही आणि आणे पठाराला तर नाहीच. शिवाय झाडे वापरणाऱ्या माणसांचे ज्ञान त्यात अभावानेच येते. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या हिरड्याची कच्ची फळे गोळा करून, वाळवून बाळहिरडा म्हणून विकत आली आहेत. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडे उन्मळली तेव्हा त्या घरांचे वर्षाचे उत्पन्न गेले. कोणते झाड किती वर्षांनी धरते, कोणती फांदी तोडू नये, देवराईतील काडीही का उचलू नये, हे त्यांना ठाऊक आहे. हे ज्ञान ज्यात नाही तो ग्रंथ पूर्ण म्हणता येत नाही. मराठीत दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्र'ने १९५६मध्येच महिन्यांच्या क्रमाने झाडे पाहायला शिकवले. पण ते पाहण्याचे पुस्तक आहे, लावण्याचे नाही. पाहणे, नोंदणे आणि लावणे ह्या तिन्ही गोष्टी एकत्र करणारे, ह्या दोन तालुक्यांपुरते का होईना, मराठी पुस्तक अजून हवेच आहे.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे अगत्याचे आहे. देशी झाडांचा हा पुरस्कार म्हणजे परक्यांविषयीचा दुजाभाव तर नव्हे? हा प्रश्न आपल्या समाजाने तर मुळीच हलक्या मनाने सोडू नये. ज्यांना वेळोवेळी परके म्हणून हिणवले गेले, त्यांनी मूळ पाहून झाडाची लायकी ठरवावी, हे शोभणारे नाही. नारायणगावच्या बाजारात डोंगरासारखा रचला जाणारा टोमॅटो अमेरिकेचा, आपल्या रश्श्यातील मिरचीही तिकडचीच आणि दफनभूमीत थडग्यांवर फुले गाळणारा पांढरा चाफाही त्याच खंडातून आलेला. ह्यांपैकी कशालाही कोणी हाकलून लावू नये. मुद्दा जन्मदाखल्याचा नसून वागणुकीचा आहे. येथील पावसावर ते झाड भागवते काय? येथील पाखरांना, फुलपाखरांना त्याचा आधार आहे काय? ते इतरांना जगू देते काय? घाणेरी शोभेचे झुडूप म्हणून बागेत आली आणि डोंगर व्यापून बसली. तिच्याबद्दलची तक्रार ती परदेशी आहे म्हणून नाही, ती शेजाऱ्यांना जागा ठेवत नाही म्हणून आहे. आणि माणसांविषयी म्हणाल तर स्पेनमध्ये जन्मलेल्या सांतापाव यांनी सह्याद्रीची झाडे नावानिशी ओळखली, तर त्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी जन्मलेल्या आपल्यापैकी अनेकांना अंगणासमोरच्या मेडशिंगीचे नाव सांगता येत नाही. भूमीशी नाते कोणाचे अधिक जवळचे, हे वाचकांनीच ठरवावे.

समीक्षेने केवळ दोष दाखवून थांबू नये, म्हणून व्यवहाराचे चार शब्द. जुन्नर-आंबेगावच्या मध्य व पूर्व भागातील आवारात सावलीसाठी पळस, बहावा, आपटा, मेडशिंगी लावता येतील. कुंपणाला निर्गुडी, करवंद आणि कोरांटी. आधारावर चढवायला शतावरी आणि गुळवेल. कळलावी सुंदर आहे, पण विषारी आहे. मुले खेळतात तेथे ती नको. हिरडा पश्चिमेकडच्या पावसाचा. त्याला आणे पठारावर नेऊन छळू नये. रोपे पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावीत, पहिले दोन उन्हाळे बेताने पाणी द्यावे, गळलेली पाने जाळण्याऐवजी बुंध्याशी पसरावीत आणि नंतर झाडाला त्याच्या हिशेबावर सोडावे. वैशाखात ते उघडे-बोडके दिसले तर ते मेले असे समजू नये. शिंदळ माकुडी हवी असल्यास जाणत्या रोपवाटिकेतून छाटणीवर वाढवलेली घ्यावी. शिवनेरीच्या कड्यावरचे रोप उपटणे म्हणजे बागेसाठी डोंगर लुटणे होय.

उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला बागेत ठेवले जाते ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. मशागत आपण शिकलो. विहिरी खणल्या, कालवे काढले, हिरवळी लावल्या. राखणीसाठी आधी ओळख लागते. दापोडीच्या निनावी चित्रकाराने आपल्याला एकेका पानाकडे पाहण्याची निष्ठा दिली, ब्लॅटर यांनी झाडाविषयी आनंद वाटायला शिकवले. तथापि आवारासाठी झाड निवडायची वेळ येईल तेव्हा सांतापाव यांच्या त्या कोरड्या ओळींचाच कौल घ्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या ओळींना ज्याने मराठी रूप द्यावे आणि त्यांत हिरडा गोळा करणाऱ्यांचे ज्ञान मिळवावे, असा कोणी तरुण अभ्यासक आपल्या धर्मग्रामांतून पुढे येईल, तर ब्लॅटर-सांतापावांची ती परंपरा खऱ्या अर्थाने ह्या मातीत रुजली, असे म्हणता येईल.